नको म्हणायचा हक्क

२०२४च्या सप्टेंबरात मी पाठीवर सॅक टाकून बार्सिलोनाला गेलो. पुण्यातल्या कंपनीत कोड लिहून साठवलेले पैसे, बारा दिवसांची रजा आणि होस्टेलमध्ये आठ जणांच्या खोलीतला वरचा बंक. मी मूलचा. चंद्रपूरहून गडचिरोलीला जाताना लागतं ते मूल. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो आणि ऊन म्हणजे दुपारी दारं लावून घ्यायची गोष्ट असते. तिथे लोक उन्हात मुद्दाम लोळत होते. मीही लोळलो.

तिसऱ्या दिवशी पार्क ग्युएल बघायला निघालो. गुगल मॅपने सांगितलं तिथे उतरलो आणि पुढचा सगळा चढ पायी चढलो. अर्ध्या वाटेत शेजारून एक छोटी बस वर निघून गेली. मॅपवर ती नव्हतीच. संध्याकाळी होस्टेलच्या रिसेप्शनवरच्या मुलाला विचारलं तर तो हसायला लागला. ती ११६ नंबरची बस. पार्ककडे जाणाऱ्या पर्यटकांनी ती इतकी भरायची की वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना बाजाराची पिशवी घेऊन चढता येईना. लोकांनी तक्रारी केल्या, आणि त्याच वर्षी हा मार्ग गुगल मॅपवरून काढला गेला.

खरं सांगतो, मला राग आला. एवढा खर्च करून, व्हिसासाठी सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट देऊन मी आलो, आणि यांनी माझ्यापासून बस लपवली! भिंतींवर ‘टुरिस्ट गो होम’ लिहिलेलं होतंच. जुलैमध्ये तिथल्या लोकांनी मोर्चा काढून हॉटेलांबाहेर बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या होत्या. त्याआधी जूनमध्ये महापौर जाउमे कोलबोनी यांनी जाहीर केलं होतं की, शहरातल्या १०,१०१ पर्यटक फ्लॅटांचे परवाने २०२८च्या नोव्हेंबरपर्यंत संपवायचे. दहा वर्षांत घरभाडी ६८ टक्क्यांनी वाढली, असं त्यांचं म्हणणं होतं. पुण्यात भाडं भरणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

रात्री बंकवर पडल्या पडल्या मावशी आठवली आणि राग उतरला.

मावशीचं गाव ताडोबाच्या बफरमध्ये आहे. मार्च-एप्रिलमध्ये ती पहाटे मोह वेचायला जाते, मे महिन्यात तेंदूपानं तोडायला. काही वर्षांपूर्वी मी पुण्याच्या चार मित्रांना सफारीला घेऊन गेलो होतो. बुकिंग फोनवर पंधरा मिनिटांत झालं. पहाटे आमची जिप्सी गेटकडे निघाली तेव्हा टोपल्या घेतलेल्या सात-आठ बाया रस्ता सोडून बाजूला उभ्या राहिल्या. मित्राने फोटो काढला. संध्याकाळी मावशीकडे गेलो तर ती म्हणाली, “सकाळच्या गाड्या तुमच्याच होत्या का रे? मोहावर सारी धूळ बसली ना बाप्पा.” मी हसून विषय बदलला.

जिप्सीतली माणसं वाघ दिसावा म्हणून निघतात, मावशी तो दिसू नये म्हणून देवाचं नाव घेऊन निघते. दोघांची वेळ तीच, उन्हाळाही तोच. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. आपल्या फोनवर त्याच आठवड्यात ताडोबाच्या वाघांचे रीलही आले असतील. आपण लाईक केले असतील.

३१ डिसेंबर २०२४ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट अडवली. व्हिडिओ फिरला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. हे चांगलंच झालं. पण रस्त्याच्या कडेला धूळ खात उभ्या राहणाऱ्या बायांचीही वाट अडतेच, त्याचा व्हिडिओ कोणी काढत नाही. काढलाच तर ‘ट्रायबल लाईफ’ असं कॅप्शन देऊन.

यावर ठरलेलं उत्तर मला माहीत आहे: पर्यटनामुळे रोजगार मिळतो. मिळतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मोहर्लीत गाईड आहेत, जिप्सी चालवणारी पोरं आहेत, होमस्टे आहेत. महिला गाईडही आहेत, आणि त्यांच्या घरी या पैशावर मुलं शिकतात. सफारी बंद करा असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की, रोजगार देणं म्हणजे विचारणं नव्हे. गाडी कोण चालवणार हे गावाला मिळालं. गाड्या किती, कोणत्या रस्त्याने, कोणत्या महिन्यात, हे ठरवताना गावाचा शब्द शेवटचा नसतो. बार्सिलोनात तर लाखो लोक पर्यटनावर जगतात. तरी तिथल्या म्हातारीने ‘माझी बस मला द्या’ म्हटल्यावर ‘तुमच्या मुलाला हॉटेलात नोकरी आहे ना, मग गप्प बसा’ असं उत्तर मिळालं नाही.

आणि आपला दुटप्पीपणा बघा. युरोपातल्या पिचकाऱ्यांना आपण ‘ओव्हरटुरिझमविरुद्धचा लढा’ म्हणतो, त्यावर पॉडकास्ट ऐकतो. बफरमधल्या गावाने गेटसमोर रस्ता अडवला की तेच आपण ‘लोकांना वाघाचं महत्त्व कळत नाही’ म्हणतो. ताडोबा हे नाव मुळात तारू या गोंड पुढाऱ्यावरून आलं, असं लोक सांगतात. वाघाशी झुंजताना तो मेला, आणि त्याचं ठाणं तलावाकाठी आहे. ज्यांनी वाघाच्या हातून मेलेल्या माणसाच्या नावाने जंगल ओळखलं, त्यांना आपण वाघ शिकवणार?

‘गावाच्या हाती दिलं तर जंगल संपेल’ ही भीती असेल, तर आमच्याच दोन जिल्ह्यांत बघा. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. स्वतःचा बांबू विकण्यासाठीही गावाला झगडावं लागलं, पण २०११मध्ये वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले. चंद्रपूरच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२मध्ये हक्क मिळाला. तेंदूसाठी झाडं छाटतात, आगी लावतात, म्हणून आपल्या जंगलात तेंदू तोडायचाच नाही, असं त्या ग्रामसभेने स्वतः ठरवलं. हातात येणारा पैसा सोडून घातलेली ही मर्यादा आहे. मर्यादा घालायला गावाला बाहेरचा माणूस लागत नाही.

कायदाही आहे. २००६च्या वनहक्क कायद्याचं कलम ५ सांगतं की, सामूहिक वनसंपत्तीत कोणी, कसं यायचं याचं नियमन करण्याचा निर्णय ग्रामसभा घेऊ शकते. तर मग बफरमधल्या सफारीचे रस्ते, गाड्यांची संख्या आणि मोह-तेंदूच्या दिवसांतल्या वेळा ग्रामसभेच्या संमतीशिवाय ठरू नयेत. आणि संमती मागायची तर नकारही ऐकायची तयारी हवी. ‘नको’ म्हणता येत नसेल, तर त्या ‘हो’ला अर्थ नाही.

राहिलो आपण, सॅकवाले. ‘मी टुरिस्ट नाही, ट्रॅव्हलर आहे’ असं बायोमध्ये लिहून काही बदलत नाही. बसमधली जागा दोघेही तेवढीच अडवतात. त्या दिवशी मला चालत चढावं लागलं, पाय दुखले, बास. माझं काही बिघडलं नाही आणि कुणा आजीला बसायला जागा मिळाली.

परत आल्यावर मावशीला फोटो दाखवले. बसची गोष्टही सांगितली. ती म्हणाली, “मंग बरोबरच केलं त्यायनं.” पुण्याचे मित्र येत्या एप्रिलमध्ये पुन्हा ताडोबाला येऊ म्हणतायत. मी त्यांना सांगितलंय, आधी मावशीला विचारतो, मोह संपलाय का म्हणून. संपला नसेल तर नंतर या.