लेकीच्या व्हिसाची पिशवी



मागच्या महिन्यात कल्याणकडचे एक उपासक आमच्याकडे आले. नगरपालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेले, वय साठीच्या पुढे, मांडीवर कापडी पिशवी. चहा पुढे ठेवला तरी पिशवी खाली ठेवेनात. पिशवीत धाकट्या लेकीचे सगळे कागद होते. लेक नर्स आहे. वैशाखात गावी लग्न झाले. जावई न्यू जर्सीला असतो, तिकडचाच नागरिक आहे. लग्नानंतर तीन आठवडे राहून तो परत गेला आणि आता बायकोला कायमचे नेण्यासाठी त्याला तिकडून अर्ज करायचा आहे.

"भाऊ, एजंट म्हणतो लग्न पुन्हा लावायचं," ते हळूच म्हणाले.

एजंटाने फोटो पाहिले होते. फोटोत होम नाही, फेरे नाहीत, गळ्यात मंगळसूत्र नाही, भांगात कुंकू नाही. नवरी पांढऱ्या साडीत. साहेबाला हे लग्न वाटायचेच नाही, असे त्याचे म्हणणे. जावई सुट्टीवर आला की हॉल घेऊ, भटजी बोलावू, दोन तासांत फोटो उरकू, खर्च तेवढा तुमचा. आगाऊ पाच हजार तो घेऊनही गेला होता.

आम्ही थोडा वेळ काही बोललो नाही. मग आवाज चढला, पण तो त्यांच्यावर नव्हे. या गृहस्थांच्या वडिलांनी १९५६ साली नागपुरात दीक्षा घेतली. त्यांच्या नातीने परदेशी जाण्यासाठी होमापुढे बसल्याचे नाटक करायचे? पण मानापमान क्षणभर बाजूला ठेवू, निव्वळ व्यवहार पाहू. व्हिसासाठी बनावट पुरावा दिला किंवा महत्त्वाची गोष्ट खोटी सांगितली, तर अमेरिकेच्या कायद्याने त्या माणसाला प्रवेशाचे दार कायमचे बंद होऊ शकते. सवलत मागता येते, पण ती मिळवणे फार अवघड. एजंटाचे यात काही जात नाही. जाते ते मुलीचे.

शिवाय या नाटकाची गरजच नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कक्षेत बौद्धांचे विवाहही येतात, आणि वधू-वरांपैकी कोणाच्याही रूढ विधीने लावलेले लग्न तो कायदा मानतो. सप्तपदी जिथे त्या रीतीचा भाग आहे तिथेच लागते. त्रिशरण-पंचशील घेऊन, तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे, बौद्धाचार्यांनी लावलेले लग्न लपवण्यासारखे त्यात काय आहे?

खरी अडचण दुसरीकडेच निघाली. पिशवीत लग्नाचा दाखला होता, सोनेरी काठाचा, लॅमिनेट केलेला, पण विहारातून मिळालेला. तो जपून ठेवावा, फाइलीतही लावावा. मात्र व्हिसासाठी शासनाच्या विवाह निबंधकाचा दाखला हवा. गावात हे काम ग्रामसेवकाकडे, शहरात पालिकेकडे होते. महाराष्ट्रात यासाठी १९९८ चा कायदा आहे. नव्वद दिवसांच्या आत अर्ज द्यायचा, तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि लग्न लावणाऱ्याचीही लागते. भटजीच्या जागी आपल्याकडे बौद्धाचार्य किंवा भन्ते सही करतात. सर्व धर्मांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितले. तरीही आपल्या वस्त्यांत लग्नाचा हॉल महिनोन्महिने आधी ठरतो आणि नोंदणी कुणाच्या लक्षात नसते. या घरी नव्वद दिवस उलटून गेले होते. उशिराचा दंड भरून नोंदणी होते, ती त्यांनी आधी करून घेतली.

मग नावे पाहिली. शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे, पासपोर्टवर तिसरे. आडनावात एक 'ए' कुठे जास्त, कुठे कमी. लग्नपत्रिकेवर तर घरचे लाडाचे नाव! फाइल उघडणाऱ्याला या तीन वेगळ्या बायका वाटू शकतात. पासपोर्टावरचे नाव धरून बाकीचे कागद शक्य तिथे दुरुस्त करावेत, उरलेल्यांसाठी 'या सर्व नावांची व्यक्ती मीच' असे प्रतिज्ञापत्र करावे. लग्न झाले म्हणून मुलीने पासपोर्टावरचे नाव बदललेच पाहिजे असे मुळीच नाही. उलट ऐन अर्जाच्या वेळी बदलले की नवे घोळ सुरू होतात. शाळेच्या दाखल्यावर धर्म-जातीच्या रकान्यात काय लिहिले आहे याचीही त्यांना काळजी होती. त्यावरून नवरा-बायकोचे नाते कोणी जोखत नाही. जुळायला हवेत ते नाव, जन्मतारीख आणि आईवडिलांची नावे.

जन्माची नोंद या मुलीची होती, नशीब. ज्यांचा जन्म घरी झाला आणि ग्रामपंचायतीत कोणी कळवलेच नाही, त्यांनी नोंद आढळत नाही असा दाखला आधी काढावा. त्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्म ठाऊक असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडावीत. मराठी कागदांचे पूर्ण इंग्रजी भाषांतर लागते, खाली भाषांतर करणाराने आपल्याला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर बरोबर आहे असे लिहून सही करायची.

एक गोष्ट ते सांगता सांगता राहिले होते, आम्हीच विचारून काढली. मुलगी दोन वर्षे कुवेतला इस्पितळात कामाला होती. म्हणजे आपल्या पासपोर्ट कार्यालयाच्या पोलीस दाखल्यासोबत कुवेतचाही दाखला लागणार, आणि त्याला वेळ लागतो. असेच काडीमोडाचे. पहिले लग्न पंचांसमोर, स्टँप पेपरवर मोडले असेल तर त्या कागदावर विसंबू नये. वकिलाला भेटून न्यायालयाचा हुकूमनामा घ्यावा, आणि तोही दुसऱ्या लग्नाच्या आधी. पहिले लग्न लपवणे हा तर एजंटाच्या होमापेक्षा वाईट उपाय.

आता नात्याचा पुरावा. नवरा तिकडे आय-१३० नावाचा अर्ज भरतो. त्यासोबत हे लग्न खरे आहे, कागदापुरते नाही, हे दाखवायचे असते. लोक इथे घाबरतात आणि पाचशे फोटो कोंबतात. वीस-पंचवीस पुरे, मात्र साखरपुड्यापासून आजपर्यंतचे, दोन्ही घरची माणसे दिसणारे, मागे तारीख आणि कोण कोण आहे ते लिहिलेले. जावयाच्या पासपोर्टावरचे भारतात आल्याचे शिक्के, विमानाचे तिकीट, बायकोच्या खात्यावर पाठवलेले पैसे, विम्याच्या पॉलिसीवर तिचे वारस म्हणून नाव, दर महिन्याच्या फोनच्या व संदेशांच्या थोड्या प्रती. आजीच्या आजारपणात दोघे रोज रात्री काय बोलत होते ते संदेश मुलीने लाजत दाखवले. शंभर सजवलेल्या फोटोंपेक्षा ते आम्हाला भारी वाटले.

आणि फेरे नसलेल्या फोटोंसाठी आम्ही मुलीकडून एक पानी इंग्रजी पत्र लिहून घेतले. आमचे कुटुंब बौद्ध आहे, आमच्याकडे वधू-वर पांढरी वस्त्रे नेसतात, वंदना होते, प्रतिज्ञा घेतात, हार घालतात. मंगळसूत्र आमच्या घरात घालत नाहीत. सोबत बौद्धाचार्यांचे पत्र. एवढेच.

जावयाच्या बाजूने उत्पन्नाचे हमीपत्र लागते. तिकडे ठरलेल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवावे लागते. कमी पडले तर तिथला दुसरा कोणी सहहमीदार होऊ शकतो. इंग्रजीची परीक्षा या व्हिसाला नसते. मुलाखत मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात होते, तेव्हा मूळ कागद सोबत न्यायचे. त्याआधी वैद्यकीय तपासणी. छातीच्या फोटोत जुना डाग निघाला तर थुंकीच्या तपासणीत दोन महिने सहज जातात, म्हणून पूर्वी क्षयाचे औषध घेतले असेल तर ते कागद शोधून ठेवावेत, लपवू नयेत.

मुलीला आम्ही वेगळे बसवून एक सांगितले. तिकडे पोहोचताना लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील तर तिला मिळणारे कार्ड दोनच वर्षांचे असेल. ते संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करायचा असतो, पुन्हा पुरावे द्यायचे असतात. म्हणून घरभाड्याच्या करारावर, बँकेच्या खात्यावर, विजेच्या बिलावर तिचे नाव पहिल्या महिन्यापासून हवे. घरात मारहाण वा छळ झाला तर नवऱ्याच्या सहीवाचूनही तिला तो अर्ज करता येतो, हेही सांगितले. वडील दाराशी उभे होते, त्यांनी ऐकले. काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली.

मागच्या रविवारी ते पुन्हा आले. पिशवी गेली होती, हातात दोन फायली होत्या, एक जावयाला पाठवायची आणि एक झेरॉक्सची. दुसरी लेकीने मागून घेतली आणि स्वतःच्या ट्रंकेत ठेवणार म्हणाली. अर्ज या आठवड्यात जाईल. एजंटाने घेतलेले पाच हजार मात्र अजून परत आलेले नाहीत.