आता कशाला?

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. आमचे निम्मेअधिक नातेवाईक हे वाचतात याची मला पूर्ण कल्पना आहे, किंबहुना म्हणूनच इथे लिहिते आहे. समोरासमोर बोलायला गेलं की चहा येतो, मागून पोहे येतात आणि मूळ विषय राहतो बाजूला.

येत्या ३१ मे रोजी मी नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होणार. (सरकारी भाषा अंगात मुरली आहे, इलाज नाही.) छत्तीस वर्षं लेखा शाखेत दुसऱ्यांची बिलं तपासली, त्यामुळे खर्च म्हणजे काय आणि उधळपट्टी म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नाही. तरीही गेलं वर्षभर बघते आहे, निवृत्तीची तारीख जवळ आली की माणसाच्या प्रत्येक गरजेपुढे दोन शब्द येऊन उभे राहतात. आता कशाला? नवी चप्पल घ्यायची म्हटलं, आता कशाला? दाताला कॅप बसवायची म्हटलं, आता कशाला? जणू ३१ मेच्या संध्याकाळी कार्यालयाच्या शिपायाने माझे दात आणि पायसुद्धा जमा करून घ्यायचे आहेत.

निमित्त झालं चष्म्याचं. दिवाळीत सगळे जमलेले असताना मी सहज म्हटलं की नवीन चष्मे करते आहे, नऊ हजारांच्या आसपास जातील. त्यावर वन्सं म्हणाल्या, "अगं, आता कशाला एवढा? आता काय ऑफिसात फायली वाचायच्यात?" आणि बैठकीतल्या सगळ्या माना हलल्या. ज्यांच्या माना हलल्या त्यांच्या प्रत्येकाच्या नाकावर चष्मा होता, हे विशेष.

आता या वाक्याचा जरा विचार करा. ऑफिसात मी काय वाचायचे? हातभर लांब असलेल्या स्क्रीनवरची ठळक अक्षरं. अगदीच बारीक काही असलं तर शेजारच्या टेबलावरचा पोरगा वाचून दाखवायचा. घरी काय वाचायचं असतं? गोळ्यांच्या पाकिटामागची मुदतीची तारीख, तीही चंदेरी कागदावर दाबलेली. बँकेचा ओटीपी. पेन्शनच्या खात्यातून कुणी काय कापलं त्याचा मेसेज, आणि तो मेसेज खरा की भामट्याचा हे ओळखायला त्यातलं एकेक अक्षर. सुईत दोरा. तांदळातला खडा. डोळ्यांचं काम निवृत्तीनंतर वाढतं, कमी होत नाही. शेजारचा पोरगा तेवढा कमी होतो.

बरं, नऊ हजारांचा हिशेब. मी दिवसाचे चौदा तास चष्मा लावते. दोन वर्षांचे झाले दहा हजारांच्या वर तास. म्हणजे तासाला एक रुपयासुद्धा पडत नाही, अठ्ठ्याऐंशी पैसे पडतात. भाच्याच्या लग्नात घेतलेली साडी (वन्सं, राग मानू नका) चौदा हजारांची होती आणि ती आजवर दोनदा नेसली गेली. तिच्या वेळी "आता कशाला" हे शब्द कुणाला आठवले नाहीत. म्हणजे प्रश्न पैशाचा नाहीच. दुसऱ्यांना दिसणारी वस्तू असली की तो मान असतो, आणि आपल्याला दिसावं म्हणून घेतलेली वस्तू असली की तो खर्च!

चष्मा ही चैन आहे असं मानणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगते. २०१८ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात आसामच्या चहामळ्यातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चाळिशी ओलांडलेले ७५१ पानं खुडणारे कामगार घेतले. निम्म्यांना जवळचं दिसायचा साधा चष्मा फुकट दिला, उरलेल्यांना प्रयोग संपल्यावर दिला. चष्मेवाल्यांची दिवसाची खुडणी दुसऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ २२ टक्क्यांनी जास्त वाढली. ना नवीन मशीन, ना नवीन खत. फक्त हातातलं पान नीट दिसायला लागलं.

आणि आमच्या घरात काय होतं? आमच्या घरात दोन माणसांत एक चष्मा होता. बाबांचा. ते पेपर वाचून झाले की तो आईकडे यायचा आणि ती त्याच्यावर पोथी वाचायची, गहू निवडायची. बाबांचा नंबर वेगळा, तिचा वेगळा, पण "चालतंय की" या मंत्राने तो खटला पंधरा-वीस वर्षं चालला. माझ्या पिढीतल्या किती जणींनी आपापल्या घरी हे पाहिलं असेल! कुणी दुष्ट नव्हतं. घरात पैसाही अगदीच नव्हता असं नाही. बाईला स्वतःचा नंबर असू शकतो हेच कुणाच्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्याच्या चष्म्याने डोळे खराब होत नाहीत हे खरं, पण तिचं डोकं दुखायचं, हळूहळू पोथी मिटली आणि सगळे म्हणाले, वय झालं.

पुढे मोतीबिंदूसाठी म्हणून तिला डॉक्टरांकडे नेलं तेव्हा कळलं की काचबिंदूही आहे आणि डाव्या डोळ्याची बाजूची नजर बरीच गेलेली आहे. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेचं दिसणं जातं, ते समोरचं दिसत असल्यामुळे समजत नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. उरलेली मात्र थेंबांनी सांभाळता येते, वेळेत कळलं तर. तिला स्वतःचा नंबर काढायला कुणी वर्षा-दोन वर्षांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं असतं तर वेळेत कळण्याची शक्यता होती. आणि काचबिंदू घराण्यात असला की मुलांना धोका जास्त. त्यामुळे वन्सं, माझ्या नऊ हजारांत मी डॉक्टरांची फी धरलेलीच नाही. ती वेगळी, आणि ती मी दरवर्षी देणार.

इथे दुसऱ्या एका कौतुकाचाही समाचार घ्यायचा आहे. "आमच्या आजींचा पंचाहत्तराव्या वर्षी चष्मा सुटला, आता पेपर विनाचष्म्याचा वाचतात!" हे वाक्य प्रत्येक घराण्यात अभिमानाने सांगितलं जातं. जुनं खाल्लेलं तूप वगैरे कारणं दिली जातात. बहुतेक वेळा तो मोतीबिंदू असतो. डोळ्यातलं भिंग मधोमध घट्ट होत जातं, नंबर उणे बाजूला सरकतो आणि काही काळ जवळचं बिनचष्म्याचं दिसू लागतं. लांबचं तेवढ्याच वेगाने बिघडत असतं, पण आजींना लांबचं काय वाचायचंय असं म्हणून कुणी विचारत नाही. पुन्हा तेच, आता कशाला!

नातेवाइकांना एवढं बोलले, आता दुकानदारांकडे वळते. कारण त्यांचं ब्रीद याच्या बरोबर उलटं आहे. "आणखी घ्या!" एका चकचकीत दुकानात मी गेले होते. नाव सांगत नाही, सगळी सारखीच. मशीनपुढे हनुवटी टेकवली, आतलं चित्र बघितलं, कागद बाहेर आला. झाला नंबर! वास्तविक त्या मशीनचा आकडा ही सुरुवात असते. नंतर एकेक काच बदलून "आता बरं की आधीचं बरं" हे विचारत बसावं लागतं, त्याला वेळ लागतो. इथे वेळ गेला तो फ्रेमी दाखवण्यात. मग प्रोग्रेसिव्ह काचा, त्यातही तीन प्रती, वर निळ्या प्रकाशापासून संरक्षण, एकावर एक फुकट, आणि एकूण सत्तावीस हजार. निळ्या प्रकाशाचं काय म्हणाल, तर २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्या एकत्र तपासून सांगितलं की कॉम्प्युटरवर काम करताना डोळे थकण्यात या काचांनी बहुधा काही फरक पडत नाही. मी हे त्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, सगळे घेतात." छत्तीस वर्षं बिलं तपासणाऱ्या बाईला हे कारण देऊ नये :-)

प्रोग्रेसिव्ह काचा वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. १९५९ पासून जग वापरतंय, आमच्या ह्यांना त्या उत्तम जमल्या आहेत. पण त्यात कडेला धूसर दिसतं, आणि खालच्या भागात जवळचा नंबर असल्याने जिना उतरताना पायरी नीट दिसत नाही. ऑस्ट्रेलियात सहाशेवर वृद्धांवर केलेला एक प्रयोग २०१० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. बायफोकल-प्रोग्रेसिव्ह वापरणाऱ्यांपैकी निम्म्यांना बाहेर जाताना घालायला साधा लांबचा चष्मा दिला. जे नेहमी हिंडते-फिरते होते त्यांचं पडणं कमी झालं. जे फारसे घराबाहेर जात नव्हते, त्यांचं बाहेर गेल्यावर धडपडणं उलट वाढलं. म्हणजे कुणाला काय सोसेल ते त्याच्या दिवसावर ठरतं, दुकानातल्या तक्त्यावर नाही. मी रोज सकाळी टेकडीवर जाते, नंतर दोन-तीन तास कॉम्प्युटर आणि वाचन. म्हणून माझे दोन वेगळे चष्मे. लांबच्या काचा ३,२०० रुपये, कॉम्प्युटर आणि वाचनाच्या अंतराच्या ४,०००, एक साधी फ्रेम १,८००. दुसरी फ्रेम जुनीच. "जुन्या फ्रेमला काच बसवताना काडी तुटली तर आमची जबाबदारी नाही," असं बजावलं त्यांनी. तुटली नाही.

कंजुषी करायची तर ती फ्रेमीत करावी की! तिथे सोनेरी अक्षरांतल्या नावाचे पैसे असतात. आणि वेळेत करावी. मोतीबिंदूचं ऑपरेशन चार-सहा महिन्यांवर आलं असेल तर त्याआधी महागडी काच घेऊ नये, ऑपरेशननंतर नंबर बदलतोच. साखर वरखाली होत असेल तर ती आटोक्यात येईपर्यंत थांबावं, कारण साखरेबरोबर नंबरही हलतो. चाळिशीचा नंबर साधारण साठीपर्यंत वाढत राहतो (आपल्या भाषेत त्या चष्म्यालाच चाळिशी म्हणतात!), मग स्थिरावतो, तेव्हा वारंवार काचा बदलण्याचा खर्चही पुढे कमीच होणार. हे सगळं "आता कशाला"पेक्षा वेगळं आहे. यात कशासाठी, किती आणि केव्हा हे विचारलेलं आहे.

निवृत्तीचं नियोजन शिकवणारे लेख मी हल्ली ढिगाने वाचते. एसआयपी, एफडीच्या शिड्या, आरोग्य विमा सगळं असतं. डोळे, दात आणि कान या तीन गोष्टींचा रकाना मला एकाही तक्त्यात सापडला नाही. आरोग्य विम्याच्या भरवशावर राहावं म्हटलं तर चष्म्याचा खर्च बहुतेक पॉलिसींत बसत नाही. सरकारला मात्र तो दिसला. २०२४ साली राज्य सरकारने मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. पासष्टीपुढच्या, दोन लाखांच्या आत उत्पन्न असणाऱ्यांना साधनांसाठी तीन हजार रुपये, आणि त्या साधनांच्या यादीत चष्मा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून नंबरच्या चष्म्यावरचा, काचांवरचा, फ्रेमवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. सरकारी खात्याचं कौतुक मी सहसा करत नाही, आतून पाहिलंय ना! पण इथे सरकार आमच्या बैठकीच्या पुढे आहे.

असो. आत्या, तूही हे वाचतेस, म्हणजे सून मोठ्याने वाचून दाखवते आणि तू ऐकतेस, हे मला ठाऊक आहे. तो एका काडीला दोरा बांधलेला चष्मा आणि त्याचं घर, दोन्ही घेऊन शनिवारी ये. डॉक्टरांची साडेदहाची वेळ तुझ्या नावाने घेतली आहे, बाबा आणि तुझं रक्त एकच असलं तरी नंबर तुझा स्वतःचा काढायचा आहे. जुना नंबराचा कागद असला तर आण, सध्याच्या गोळ्यांची नावं लिहून आण. डोळ्यात थेंब घालतील, पुढे तीन-चार तास जवळचं दिसणार नाही आणि उजेड सोसणार नाही, तेव्हा गॉगल किंवा नाना वापरायचे ती टोपी बरोबर ठेव. रिक्षाने एकटी परत जायचं नाही. जेवायला थांब.