गावाचे एक वर्ष, शहराची साडेचार वर्षे

पुणे - महापालिकेत नव्याने आलेल्या गावांतील नागरिकांशी बोलताना एक वाक्य हमखास कानी पडते : 'ग्रामपंचायत होती तेच बरे होते.' हे वाक्य अर्धे खरे आहे. ग्रामपंचायतीच्या काळात सर्व आलबेल नव्हते, हे बोलणाऱ्यालाही ठाऊक असते. तरीही तो हे का म्हणतो, याचा शोध घ्यायचा तर ग्रामपंचायतीचे कामकाज वर्षभर कसे चालते, ते आधी पाहावे लागेल.

ग्रामपंचायतीचे वर्ष एक एप्रिलला सुरू होते. घरपट्टी, पाणीपट्टी आणि दिवाबत्ती कराची नवी मागणी नोंदवहीत चढते. महाराष्ट्रदिनाच्या सुमारास वर्षातली पहिली ग्रामसभा भरते. पुढे १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी हे सभांचे रूढ दिवस. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने बंधनकारक आहे. गणसंख्या मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांपैकी जी कमी असेल ती. अनेक गावांत पहिली सभा गणसंख्येअभावी तहकूब होते आणि तहकूब सभेला गणसंख्येची अट नसल्याने मोजक्या मंडळींत ठराव उरकले जातात, हेही वास्तव आहे. मात्र, ज्याला प्रश्न विचारायचा आहे, त्याच्यासाठी दार उघडे असते. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. याशिवाय महिन्याला किमान एक मासिक सभा असतेच. पुरेशा कारणाविना ती न घेतल्यास सरपंचाचे पद धोक्यात येऊ शकते.

पाण्याचे कार्ड

या वर्षचक्रातील सर्वांत महत्त्वाचे काम पाण्याचे. जलसुरक्षकाने विहिरीत वा टाकीत ब्लिचिंग पावडर टाकायची, नळाच्या टोकाला क्लोरिन पोचला की नाही याची चाचणी घ्यायची आणि नोंद ठेवायची, अशी पद्धत आहे. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर आरोग्य विभाग गावातील जलस्रोतांची पाहणी करतो. जोखीम जास्त असेल, तर ग्रामपंचायतीला लाल कार्ड मिळते. मध्यम असेल तर पिवळे, कमी असेल तर हिरवे. लाल कार्ड मिळालेल्या गावांची नावे वृत्तपत्रांत छापून येतात आणि पुढच्या ग्रामसभेत सरपंचाला त्याचे उत्तर द्यावे लागते. व्यवस्था साधी आहे, त्रुटींची आहे. पण दोष कोणाचा, हे गावाला ठाऊक असते.

दिवाळीनंतर पुढील वर्षाच्या आराखड्याची लगबग सुरू होते. राज्यात २०१५ पासून 'आमचा गाव, आमचा विकास' या उपक्रमाखाली हे आराखडे तयार होऊ लागले. २०२० ते २०२६ या कालखंडासाठीच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतील ८० टक्के वाटा राज्यात थेट ग्रामपंचायतींना देण्यात आला. उरलेला पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला. २०२१ पासून यातील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होती. त्यामुळे आराखड्यात सदस्यांना मोकळा हात कमीच. जानेवारीत अंदाजपत्रक आणि मार्चअखेर वसुलीची धावपळ झाली, की वर्ष संपते.

हा सारा डोलारा सांभाळतात सात ते सतरा सदस्य, एक ग्रामसेवक (२०२४ च्या निर्णयानंतर ग्रामपंचायत अधिकारी) आणि शिपाई, पाणी सोडणारा असे मूठभर कर्मचारी. २०२४ मध्ये मानधन दुप्पट झाल्यावरही लहान गावाच्या सरपंचाला महिन्याला सहा हजार आणि मोठ्या गावाच्या सरपंचाला दहा हजार रुपये मिळतात. 

काळी बाजू

पुण्याच्या वेशीवरील ग्रामपंचायतींचे गोडवे गाताना मात्र हात आखडता घ्यावा लागेल. वाघोली, मांजरी, नऱ्हे, नांदेड या गावांचे रूप गेल्या दोन दशकांत पार बदलले. सात-आठ हजार वस्तीसाठी आखलेली यंत्रणा टोलेजंग गृहसंकुलांना पाणी देऊ शकत नव्हती. गुंठ्या-गुंठ्यावर इमारती उभ्या राहिल्या, सांडपाणी ओढ्यांत गेले, कचरा रस्त्याच्या कडेला जळत राहिला. समावेशापूर्वी काही गावांत झालेल्या नोकरभरतीची चौकशी जिल्हा परिषदेला करावी लागली. त्यामुळे ही गावे महापालिकेत घेण्याच्या निर्णयात तथ्य नव्हते, असे म्हणता येणार नाही. प्रश्न निर्णयाचा नव्हता, तो ज्या रीतीने अमलात आला त्याचा आहे.

पुण्याला हा अनुभव नवा नाही. १९९७ मध्ये ३८ गावे महापालिकेत आली आणि त्यातील काही पुढे पूर्णतः वा अंशतः वगळली गेली. २०१७ मध्ये ११ गावे आली. त्यातील फुरसुंगी आणि उरुळी देवाची यांची २०२४ मध्ये स्वतंत्र नगर परिषद करण्यात आली. ३० जून २०२१ रोजी आणखी २३ गावांचा समावेश झाला आणि महापालिकेची हद्द पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेली. त्याच दिवशी या २३ गावांच्या ग्रामपंचायती संपुष्टात आल्या.

त्यांच्या जागी काय आले? मार्च २०२२ मध्ये महापालिका सभागृहाची मुदत संपली आणि आरक्षणाच्या व प्रभागरचनेच्या वादात निवडणुका लांबत गेल्या. मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. म्हणजे साडेचार वर्षे या गावांना ना सरपंच होता, ना नगरसेवक. विकास आराखड्याचे अधिकार २०२१ मध्येच पीएमआरडीएकडे सोपवण्यात आले, तर रस्ते, पाणी, कचऱ्याची जबाबदारी महापालिकेकडे. नागरिकाने कोणाच्या दारात उभे राहायचे, याचेच उत्तर उरले नाही.

कराचे मात्र तसे नव्हते. कायद्यानुसार पहिल्या वर्षी ग्रामपंचायतीच्या दराने आणि पुढे टप्प्याटप्प्याने वाढवत पाच वर्षांत महापालिकेच्या पूर्ण दराने मिळकतकर लागू होतो. सुविधा मात्र त्या टप्प्याने आल्या नाहीत. असंतोष इतका वाढला, की २०२४ मध्ये राज्य सरकारला समाविष्ट गावांतील थकबाकीच्या वसुलीला स्थगिती द्यावी लागली.

सिंहगड रस्त्याचा धडा

या पोकळीची किंमत जानेवारी २०२५ मध्ये दिसली. सिंहगड रस्त्यावरील नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, धायरी या पट्ट्यात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळू लागले. पुणे विभागातील रुग्णसंख्या पुढे दोनशेच्या वर गेली. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली. तेव्हा शहराला कळले, की महापालिकेत येऊन साडेतीन वर्षे लोटली, तरी यातील गावांना जलशुद्धीकरण प्रकल्पाविना, विहिरीतील पाण्यात केवळ क्लोरिन मिसळून पुरवठा होत होता. खडकवासला धरण उशाशी असलेल्या वस्तीची ही अवस्था!

ग्रामपंचायत असती, तर हा उद्रेक झालाच नसता, असा दावा करता येणार नाही. पाण्याची योजना ग्रामपंचायतीच्या काळातलीच होती. परंतु, ग्रामपंचायत असती, तर त्या पाण्याचा हिशेब वर्षातून किमान चार वेळा गावासमोर मांडावा लागला असता. २०२१ नंतर लाल-हिरव्या कार्डाची गावठाणातली ओळख संपली, ग्रामसभाही संपली. उरले ते अर्ज आणि क्षेत्रीय कार्यालयाचे हेलपाटे.

आता महापालिकेत लोकनियुक्त सभागृह आले आहे. १६५ नगरसेवक, ४१ प्रभाग. २०११ च्या जनगणनेवर बेतलेल्या रचनेतही सरासरी प्रभागाची लोकसंख्या ऐंशी हजारांच्या पुढे जाते. आजची वस्ती त्याहून कितीतरी अधिक. जिथे वॉर्डाचा सदस्य गल्लीत भेटत होता, तिथे चार सदस्यांच्या प्रभागात जबाबदारी चौघांत वाटली जाते आणि अनेकदा कोणाचीच राहत नाही.

यावर उपाय कायद्यातच आहे. महापालिका अधिनियमात २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद झाली. काही मतदान केंद्रांच्या परिसरातील मतदारांनी एकत्र बसून कामे सुचवायची, त्रुटी दाखवायच्या, ही तिची कल्पना. शहरातील ग्रामसभाच ती. राज्यातील शहरांत ती आजवर कागदावरच राहिली. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सूचना घेऊन अंदाजपत्रक करण्याचा प्रघात आहे. पण सूचना अर्जावर लिहून देणे आणि चार शेजाऱ्यांसमोर उभे राहून उत्तर मागणे, यांत अंतर आहे.

नव्या सभागृहाने समाविष्ट गावांपासून क्षेत्रसभांना सुरुवात करावी. त्यांच्या पहिल्या बैठकीत विषयपत्रिकेवर एकच विषय पुरेसा आहे : या गावातील पाणी कोठून येते, ते कोण तपासतो आणि शेवटचे कधी तपासले? ग्रामपंचायतीच्या गरीब कचेरीत या प्रश्नाचे उत्तर निदान एका वहीत लिहिलेले असे. राज्यातील एका श्रीमंत महापालिकेला ते देणे अवघड जाऊ नये.