पाढ्यांवरील प्रभुत्व

प्राथमिक शाळेत मुलांकडून पाढे पाठ करून घ्यावेत किंवा नाही, हा वाद बराच जुना आहे. एक पक्ष म्हणतो की, घोकंपट्टीने बुद्धी कुंठित होते. दुसरा पूर्वीच्या पंतोजींचे व तीस पाढ्यांच्या परवच्याचे गुणगान करतो. आमच्या मते पाढे तोंडपाठ असणे अवश्य आहे. परंतु पाढा ओळीने म्हणता येणे आणि त्यातील हवा तो गुणाकार हवा तेव्हा आठवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, व शाळांतून बहुधा पहिलीचीच परीक्षा घेतली जाते.

एखाद्या मुलास ‘सात अठ्ठे किती?’ असे एकाएकी विचारून पाहावे. पुष्कळदा ते ‘सात एके सात’ येथून प्रारंभ करून मनातल्या मनात आठव्या पायरीपर्यंत चढते आणि मग ‘छप्पन्न’ म्हणते. सुट्या गुणाकारात एवढ्याने फारसे बिघडत नाही. भागाकारात मात्र बिघडते. ५८३ ला ७ ने भागावयाचे आहे. ५८ मध्ये सात किती वेळा जातात, वजा जाता काय उरले, पुढचा कोणता अंक खाली घ्यावयाचा, हे सर्व एकाच वेळी ध्यानात ठेवावे लागते. मनुष्याच्या मनात असे तात्पुरते साठविण्यास जागा फार थोडी असते. ती जागा सातच्या पाढ्याने व्यापली की भागाकाराचा धागा सुटतो, आणि आपल्याला गणित येत नाही असा त्या मुलाचा समज होतो. वस्तुतः त्याला भागाकाराची रीत समजलेली असते. पुढे अपूर्णांकांतही तेच घडते. ४२ आणि ५६ या दोन्ही संख्या सातच्या पाढ्यातील आहेत हे ज्यास पाहताक्षणी दिसत नाही, त्यास बेचाळीस छप्पन्नांश म्हणजे तीन चतुर्थांश, हे कसे सुचावे?

आपल्या देशात पाढ्यांना हिंदीत पहाडे, गुजरातीत घडिया, बंगालीत नामता, कन्नडमध्ये मग्गी आणि तमिळमध्ये वाय्पाडु म्हणतात. मुलांवर पडणारा भार मात्र सर्वत्र सारखा नाही. तमिळ, तेलुगू वा कन्नड बोलणारे मूल छप्पन्न या संख्येस ‘पन्नास-सहा’ अशा घडणीच्या शब्दाने ओळखते. मराठी, हिंदी किंवा बंगाली बोलणाऱ्या मुलास शंभरापर्यंतची बहुतेक नावे निरनिराळी शिकावी लागतात. त्यातही चोपन्न व छप्पन्न यांचा ध्वनी जवळजवळचा, आणि एकोणपन्नास ऐकताच मन पन्नासकडे धावते. महाराष्ट्रात २०१९ साली इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशा धर्तीचे वाचन आले, तेव्हा मोठा गदारोळ झाला व थट्टाही पुष्कळ झाली. ती सुधारणा कोणास रुचो वा न रुचो, तिच्यामागील अडचण खरी आहे. मूल पाढ्यात अडखळते तेव्हा ते गुणाकारात अडखळले की संख्येच्या नावात, हे शिक्षकाने प्रथम पाहावे. उत्तर अंकांत लिहावयास सांगितले की ते तत्काळ कळते.

दुसरी गोष्ट ओझ्याच्या मापाची. एक ते दहा या पाढ्यांत शंभर गुणाकार आहेत असे म्हटले की मूल दडपून जाते. पण पाटीवर चिंचोक्यांच्या तीन ओळी, प्रत्येकीत चार, अशा मांडून पाटी आडवी फिरविली की चार ओळी, प्रत्येकीत तीन, अशा दिसतात. चिंचोके तेवढेच राहतात. हे एकदा डोळ्यांनी पाहिले म्हणजे शंभराचे पंचावन्न होतात. एक आणि दहा यांचे पाढे वगळता छत्तीस उरतात. दोन व पाच यांचे पाढे मुले लवकर आत्मसात करतात. तेही सोडले की एकवीस राहतात. खरे परिश्रम या एकविसांवरच घ्यावयाचे आहेत.

तेही निव्वळ घोकून नव्हे. सात पंचे पस्तीस ठाऊक असेल तर त्यात एक सात मिळवून सात सक बेचाळीस निघते. चारच्या पाढ्याची दुप्पट केली की आठचा होतो. असे काही दिवस काढून पाहिल्यावर मग स्मरणाचा सराव द्यावा, आणि तो क्रम मोडून द्यावा. हेर्मान एबिंगहाउस यांनी स्मृतीविषयीचे आपले प्रयोग १८८५ साली प्रसिद्ध केले. एकाच बैठकीत शंभर वेळा घोकण्यापेक्षा तीच उजळणी निरनिराळ्या दिवशी विभागली असता थोडक्या श्रमात अधिक टिकते, हे तेव्हापासून वारंवार दिसून आले आहे. रोज दहा मिनिटे पुरेत. प्रश्न उलटाही विचारावा: बेचाळीस कोणकोणत्या पाढ्यांत येतात? भागाकाराची अर्धी तयारी यातच होते.

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी यांविषयी हळहळणारे वडीलधारे आजही भेटतात. सोळा आण्यांचा रुपया आणि शेर-मणांची मापे असताना या पाढ्यांवाचून दुकानदाराचे पान हलत नसे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, मागोमाग मेट्रिक मापे आली, आणि त्यांचे दैनंदिन प्रयोजन सरले. अकरापासून तिसापर्यंतचे पाढे ज्यास आवडीने येतात त्याने ते अवश्य म्हणावेत. पण ज्याचा सातचा पाढाच कच्चा आहे, त्याच्या माथी सतराचा मारणे आम्हांस अन्यायाचे वाटते. सतरा सक काढावयाचे तर दहा सक साठ व सात सक बेचाळीस मिळून एकशे दोन होतात.

राहता राहिला वेगाचा प्रश्न. इंग्लंडमध्ये २०२२ पासून आठ-नऊ वर्षांच्या मुलांची पाढ्यांची चाचणी सक्तीची झाली आहे. तीत पंचवीस प्रश्न असतात व प्रत्येकास सहा सेकंद मिळतात. उत्तीर्णतेची मर्यादा मात्र नाही. गती मोजू नये असे आमचे म्हणणे नाही. परंतु साठ मुलांच्या वर्गात एकास उभे करून, त्याचे चुकले की इतरांस हसू देणे, ही आपल्याकडे रूढ असलेली रीत तत्काळ बंद व्हावी. भयाने ग्रासलेले मन येत असलेले उत्तरही विसरते. शिक्षकाने मुलास जवळ बोलावून ते एकवीस गुणाकार हलक्या आवाजात, क्रम मोडून विचारावेत. जे अडले ते त्याच्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून द्यावेत, आणि आठवड्याने फक्त तेवढेच पुन्हा विचारावेत. बहुतेक मुलांच्या पानावर पाच-सहांहून अधिक गुणाकार येऊ नयेत.