शस्त्रदालनातील गाळलेला शब्द

मराठीत बंदूक ‘झाडतात’. ‘शिपायाने गोळी झाडली’ हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने पूर्ण आहे. काय झाडले, याचे उत्तर त्यात मिळते. कुणावर झाडली, हे सांगण्याचे बंधन मात्र वाक्यावर नाही. ते सांगितले नाही म्हणून कोणी वैयाकरण तक्रार करणार नाही. जुन्या लष्करी रायफलींची दालने पाहताना आम्हांला व्याकरणातील या सवलतीची आठवण होते. तेथील पाट्या सारे काही सांगतात, एवढे एक ‘कुणावर’ सोडून. हा शब्द गळतो कसा आणि साहित्याच्या अभ्यासकाने त्याची दखल का घ्यावी, याविषयी थोडे मांडावयाचे आहे.

अमेरिकेत ‘टॅक्टिकल गिअर’ या नावाने चालणारा एक मोठा व्यापार आहे. लष्करी धर्तीची जाकिटे, पट्टे, बूट, शिरस्त्राणे, पाठीवरच्या पिशव्या असा माल सामान्य नागरिकांसाठी तेथे मांडलेला असतो. अशाच एका विक्रीदालनात आम्ही गेलो होतो. ‘टॅक्टिकल’ म्हणजे वास्तविक डावपेचांसंबंधीचे. पण येथे विजारही टॅक्टिकल होती आणि लेखणीसुद्धा. विशेषणाने नामाशी असलेले नाते तोडले की ते केवळ शोभेपुरते उरते, याचे इतके ठळक उदाहरण वर्गात देता येणार नाही. भिंतीवर मात्र खऱ्या जुन्या रायफली होत्या : १८६१ च्या नमुन्याची ठासणीची स्प्रिंगफील्ड, १९०३ ची बोल्टची रायफल, दुसऱ्या महायुद्धातील एम-१ गॅरंड. प्रत्येकीखाली नमुना, वर्ष, नळीचा व्यास आणि वजन. त्या रायफली विक्रीसाठी नव्हत्या. त्यांचे काम वेगळे होते : खालच्या फळीवरच्या नव्या कोऱ्या मालाला वंशावळ मिळवून देण्याचे. जाकीट विकत घेणारा ग्राहक त्या भिंतीकडे पाहून इतिहासाचाही थोडा वाटेकरी होतो. अशा इतिहासात मेलेल्या माणसाला जागा नसते, कारण तो मालाच्या खपाला उपयोगी नाही.

या तिन्ही रायफलींचे माहेर एकच : मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्डचे सरकारी शस्त्रागार. तेथे १७९४ पासून बंदुका बनत. १९६८ मध्ये कारखाना बंद झाला आणि आता तेथे राष्ट्रीय संग्रहालय आहे. यंत्रयुगाच्या इतिहासात या स्थळाचे महत्त्व निर्विवाद आहे. बंदुकीच्या दस्त्यासारखा वेडावाकडा आकार यंत्रावर हुबेहूब कातण्याची थॉमस ब्लँचर्डची युक्ती १८१९ च्या सुमारास येथेच रुजली, आणि एका बंदुकीचा भाग दुसरीत चपखल बसावा यासाठी दीर्घ खटपट झाली ती येथे व अशाच काही कारखान्यांत. तथापि साहित्याच्या विद्यार्थ्याला हे ठिकाण आणखी एका कारणाने ठाऊक असावयास हवे. १८४३ साली कवी हेन्री वॉड्सवर्थ लाँगफेलो नवपरिणीत पत्नी फॅनीसह येथे आला होता. उभ्या मांडलेल्या बंदुकांच्या चकचकीत नळ्या पाहून तिला चर्चमधील ऑर्गनची आठवण झाली आणि युद्धविरोधी कविता लिहिण्याचा आग्रह तिने पतीला केला. ‘द आर्सनल ॲट स्प्रिंगफील्ड’ ही कविता त्यातून आली.

या कवितेची रचना आमच्या विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. साम्य दृश्य आहे, नळ्या आणि ऑर्गनच्या नलिका यांचे. कवी मात्र तेथे थांबत नाही. ऑर्गन म्हटला की तो वाजणार, आणि वाजला तर त्यातून कोणते स्वर निघतील, असा प्रश्न तो करतो. मग नाना देशांच्या, नाना शतकांच्या युद्धांतील आक्रोश तेथे ऐकू येऊ लागतात. म्हणजे पाटीने जो शब्द गाळला असता, तो प्रतिमेने परत आणला. शस्त्रांवर होणारा खर्च शिक्षणाकडे वळला तर शस्त्रागारांची गरज उरणार नाही, असेही कवी पुढे सुचवतो.

पण प्रतिमेचे पुढे काय झाले? कविता आल्यावर वीस वर्षांच्या आत अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि याच कारखान्यातून लक्षावधी रायफली बाहेर पडल्या. आज संग्रहालयात १८६१ च्या नमुन्याच्या सहाशेंहून अधिक बंदुकांची जी भव्य मांडणी आहे, तिला ‘ऑर्गन ऑफ मस्केट्स’ असेच म्हणतात. म्हणजे लाँगफेलोने पाहिलेल्या बंदुका वेगळ्या. या त्याच्या कवितेनंतरच्या. शस्त्राविरुद्ध योजलेली प्रतिमा शस्त्राच्या मांडणीचे नाव होऊन बसली. ऑर्गन उरला, आक्रोश गेला. प्रतिमा समाजात रूढ होते तेव्हा तिच्यातला सोयीचा अर्धा भागच रूढ होतो, हे यावरून दिसते. एक गोष्ट मात्र नमूद करावीशी वाटते : शस्त्रागाराच्या आवारातील बऱ्याच इमारतींत आता सामुदायिक महाविद्यालय भरते. कवीच्या सूचनेची एवढी पूर्तता त्या जागेपुरती तरी झाली.

यावर एक आक्षेप संभवतो. संग्रहालय हे तंत्राच्या इतिहासाचे स्थान आहे. प्रत्येक पाटीने विलापिका व्हावे काय? शिवाय जुन्या शस्त्रांचे संग्राहक ज्या बारकाईने आपला विषय जाणतात, ती बारकाई आदरास पात्र नाही काय? आहे, निःसंशय आहे. आमचे म्हणणे इतकेच की ‘कुणावर’ हाही माहितीचाच भाग आहे. १७८७ च्या जानेवारीत कर्जाने गांजलेले शेतकरी डॅनियल शेज याच्या नेतृत्वाखाली याच शस्त्रागारावर चालून आले, तेव्हा त्यांच्यावर तोफा डागल्या गेल्या आणि चौघे मेले. हे सांगणे भावविवश होणे नव्हे. तोही नळीच्या व्यासाइतकाच काटेकोर तपशील आहे.

मराठी वाचकाला हा मुद्दा परका वाटू नये. १८५४ साली ब्रिटिशांची एक समिती स्प्रिंगफील्ड पाहून गेली आणि तेथील पद्धतीची यंत्रे इंग्लंडातील एन्फील्डच्या कारखान्यासाठी घेतली गेली. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल अमेरिकन यादवीत दोन्ही पक्षांनी वापरली. तिचेच काडतूस १८५७ मध्ये आपल्याकडे ठिणगी ठरले. पाटीवर तिची ओळख ०.५७७ इंच एवढीच असेल. वरसईहून उत्तरेकडे निघालेल्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये (प्रकाशन १९०७) आधी काडतुसांची वार्ता येते आणि पुढे झाशी पडल्यानंतरची कत्तल, लूट आणि लपून काढलेले दिवसही येतात. गोडसेभटजींना बंदुकीचे तंत्र ठाऊक नव्हते. गोळी जिकडे जात होती त्या बाजूला ते उभे होते, आणि तेथूनच त्यांनी पाहिले. पाटी नेहमी दस्त्याच्या बाजूने लिहिली जाते. हे पुस्तक नळीच्या तोंडाकडून लिहिलेले आहे.

म्हणून आमची एक सूचना. विद्यार्थ्यांना शस्त्रसंग्रहालयात अवश्य न्यावे. आपल्या शहरांतही ती आहेत. तेथील एखादी पाटी त्यांना जशीच्या तशी उतरवून घेऊ द्यावी आणि मग त्या शस्त्राच्या काळातील एखादी बखर, प्रवासवृत्त किंवा पत्र वाचून त्या पाटीत एकच वाक्य वाढवण्यास सांगावे. वाक्य पाटीच्याच कोरड्या भाषेत असावे, विशेषणे नकोत. त्यात ‘वर’ हा प्रत्यय मात्र असलाच पाहिजे.