‘चिंटू’चे कौतुक आणि समीक्षेची टाळाटाळ

‘चिंटू’विषयी मराठीत जे बोलले गेले ते बहुतांशी कौतुक आहे, आणि या कौतुकानेच त्या चित्रमालिकेच्या विचाराची वाट अडवली आहे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही दैनिक चित्रमालिका नोव्हेंबर १९९१मध्ये पुण्याच्या ‘सकाळ’मधून सुरू झाली. तेव्हापासून ‘निरागस’, ‘खट्याळ’, ‘घराघरातला’ अशी विशेषणे तिच्याभोवती फिरत राहिली. ही विशेषणे शेजारच्या मुलाला लावावीत. कलाकृतीविषयी ती काहीच सांगत नाहीत. कलाकृती निरागस नसते. ती रचलेली असते.

गंभीर म्हणवणाऱ्या समीक्षेने याहून बरे काही केले असेही नाही. तिने कादंबरीची मापे काढली. चिंटू वाढत नाही. पप्पू, मिनी, बगळ्या, राजू यांच्या स्वभावांना खोली नाही. रोज तोच अभ्यास, तेच क्रिकेट, त्याच जोशीकाकू. हे सगळे आक्षेप खरे आहेत आणि निरुपयोगीही आहेत. पात्राने वाढावे ही अपेक्षा ज्या रूपबंधात काळ साचत जातो त्या रूपबंधाची आहे. दैनिक चित्रमालिकेत काळाची दोन स्थाने असतात: एक पट्टीच्या आत, चौकटीकडून चौकटीकडे सरकणारा काळ, दुसरा पट्टीबाहेरचा, एका अंकापासून दुसऱ्या अंकापर्यंतचा. या दुसऱ्या काळात पावसाळा येतो, परीक्षा येतात, गणपती येतात, दिवाळीची सुटी लागते, आणि हे सारे वाचकाच्या दिनदर्शिकेप्रमाणे घडते. वय मात्र फक्त वाचकाचे वाढते. १९९१ साली चिंटूच्या वयाचा असलेला मुलगा आज चाळिशी ओलांडून गेला आहे; चिंटू आहे तेथेच आहे. न वाढणे हा येथे पात्रचित्रणातला उणेपणा ठरत नाही. साऱ्या रचनेचा आधारच तो आहे.

हा मुद्दा नवा नाही. उम्बेर्तो इको यांनी १९६४च्या आपल्या निबंधसंग्रहात ‘सुपरमॅन’बरोबर चार्ली ब्राउनचाही विचार केला, आणि त्या मालिकेतली काव्यात्मता पुनरावृत्तीतल्या सूक्ष्म फरकांतून उपजते हे दाखवले. आपल्याकडे चिन्हमीमांसेवरच्या प्रबंधांत इको यांचे नाव संदर्भसूचीत असतेच. त्यांनी चित्रमालिकेवर लिहिले, ही गोष्ट मात्र सोयीने विसरली जाते. वसंत सरवटे यांच्यासारख्या व्यंगचित्रकाराला आपल्या कलेची मीमांसा स्वतःच लिहावी लागली, यातही समीक्षकांना काही खटकले नाही.

मग पाहायचे काय? एक नेहमीचा बेत घ्यावा. पहिल्या चौकटीत आई काही विचारते. दुसऱ्या चौकटीत चिंटू नुसता उभा आहे, एक शब्द नाही. तिसऱ्या चौकटीत तो उत्तर देतो. अशा पट्टीचा गोषवारा सांगू गेल्यास प्रश्न आणि उत्तर एवढेच हाती येते, आणि विनोद नाहीसा होतो. कारण तो मधल्या चौकटीत होता. त्या चौकटीने माहितीत काहीच भर घातलेली नसते. ती फक्त अवधी देते. आणि तो अवधी किती, हे चौकटीही सांगत नाहीत. ते ठरते त्यांच्यामधल्या कोऱ्या जागेत. स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३मध्ये या कोऱ्या जागेचे महत्त्व विस्ताराने मांडले: घटना वाचक तेथे घडवतो. आई किती वेळ थांबली, तिने भुवया कधी उंचावल्या, हे वाचक आपल्या घरच्या अनुभवावरून भरतो. आकृती तीच, उभे राहणे तेच, आणि बदलते ती फक्त तोंडाची रेषा. बाकी सारे स्थिर ठेवल्यामुळेच तेवढ्या बदलाला वजन येते. ही काटकसर साधेपणा म्हणून वाखाणली जाते; वास्तविक तो एक हिशेब आहे.

मर्ढेकरांच्या संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांशी तीन चौकटींची सांगड घालण्याचा मोह येथे कोणालाही होईल. तो आवरावा. तिसरी चौकट पुष्कळदा तोल साधत नाही. ती तोल घालवून थांबते. चिंटू बोलून मोकळा होतो आणि मोठ्यांचा चेहरा तसाच राहतो. उद्याची पट्टी तेथून पुढे जात नाही, नव्याने सुरू होते.

उरला वर्गाचा आक्षेप. तो अधिक वजनदार आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. हे विश्व पुण्याच्या मध्यमवर्गाचे आहे. जुन्नर तालुक्यातल्या निमगाव सावाच्या वाचकाला जोशीकाकूंच्या अंगणाशी काय देणेघेणे, असे देशीवादी विचारणार. विचारावेच. ‘सकाळ’ केवळ पेठांतून वाचला जात नाही, तो जिल्ह्यातल्या गावांतही जातो. म्हणून हा प्रश्न काल्पनिक नाही. परंतु आक्षेप घेणारे आडनावापाशी थांबतात. ‘जोशी’ हा शब्द सापडला की विश्लेषण संपले. खरे काम तेथून पुढे आहे: शेवटची चौकट कोणाला मिळते, आई कोणत्या खोलीत आणि हातात काय घेऊन रेखाटली जाते, काम करणारी माणसे चौकटीत येतात की चौकटीबाहेर राहतात, हे वर्षावर्षाच्या पट्ट्या समोर ठेवून मोजायला हवे. आणि कोरी जागा वाचकच भरत असेल, तर निमगाव सावाचा वाचक तेथे पुण्याचेच घर भरतो हे गृहीत कशावरून? यातून चिंटूला वैश्विकतेचे प्रमाणपत्र मिळत नाही. मिळतो तो एक तपासण्याजोगा प्रश्न, आणि मराठी समीक्षेने तो अद्याप गांभीर्याने हाती घेतलेला नाही.

चित्रपटांनी हा प्रश्न आणखी झाकला. श्रीरंग गोडबोले यांनी २०१२मध्ये ‘चिंटू’ पडद्यावर आणला, २०१३मध्ये त्याचा पुढचा भाग आला. चित्रपट चांगला की वाईट हा येथे मुद्दा नाही. पडद्यावरचा मुलगा किती वेळ गप्प राहिला हे घड्याळाने मोजता येते. कागदावरच्या गप्प राहण्याला मोजमाप नाही. पडद्याला कथानकही लागते, आणि कथानक लागले की काळ साचू लागतो. त्यामुळे ‘चिंटू मोठ्या पडद्यावर पोहोचला’ या वाक्यात ज्यांना प्रगती दिसते, त्यांना कागदावर काय चालले होते तेच समजलेले नाही.

संग्रहरूपानेही पुष्कळ काही हरवते. एका बैठकीत पन्नास पट्ट्या वाचणारा वाचक दोन सकाळींमधले अंतरच पुसून टाकतो. परीक्षेच्या दिवसांतली पट्टी परीक्षेच्या दिवसांतच वाचली गेली होती, त्या पानावर आणखी बातम्या होत्या, आणि त्यांच्यामधल्या एवढ्याशा जागेत ती बसवलेली होती. म्हणून ‘चिंटू’वर प्रबंध लिहू पाहणाऱ्याने पुस्तकांच्या दुकानाऐवजी प्रथम ग्रंथालयातल्या बांधीव अंकांकडे जावे, आणि प्रत्येक पट्टी तिच्या तारखेसह, तिच्या पानासह नोंदवावी. वृत्तपत्राचा कागद पिवळा पडून तुटायला फार वर्षे लागत नाहीत.