घरचें चलच्चित्र व संगणकाची निवड

नातवाच्या मुंजीचें मोबाईलवरील चित्रण घरींच कापूनजोडून घ्यावें, तर संगणक कोणता आणावा, हा प्रश्न पुसेगांवच्या आमच्या घरांत निघाला. १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्रा’ची फीत धुण्याच्या कामीं सरस्वतीबाई फाळके घरींच राबल्या, हें स्मरून आम्हीही कंबर कसली. चिरंजीवांचा ओढा मोठ्या पडद्याकडे. आमचें मत निराळें. अग्रपूजेचा मान सोळा जीबी रॅमला व एसएसडीला द्यावा. फोर-के चित्रणाच्या आधीं हलक्या प्रती करून त्यांवर कात्री चालवावी, म्हणजे मध्यम यंत्रही अडखळत नाहीं. अंतिम प्रत मूळ चित्रणावरूनच निघते. उरल्या पैशांत बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी, पडदा नव्हे. त्या चित्रणांत आमच्या वहिनींनीं म्हटलेलीं मंगलाष्टकें आहेत. महिन्याभरांत त्या निवर्तल्या, आणि प्रत ती एवढी एकच आहे.